पॉइंटवाल्या स्कूटरचं टायमिंग घरच्या घरी कसं तपासावं

कानाने टायमिंग, म्हणजे प्लगवर ठिणगी पडायची वेळ, लावणारे मेकॅनिक अजूनही भेटतात. पॉइंटचा (कॉइलचा करंट तोडणाऱ्या दोन छोट्या तोंडांचा) गॅप जरा वाढव, किक मार, आवाज ऐक, पुन्हा थोडा वाढव. इंजिनचा आवाज कडक झाला, आयडलिंग वाढलं की 'बसलं टायमिंग' म्हणून मोकळे. यात एक सापळा आहे. करंट लवकर पडू लागला की आयडलिंगला इंजिन जवळजवळ नेहमीच खुशीत येतं, त्यामुळे कान दर वेळी त्याच बाजूला ओढतो, म्हणजे गरजेपेक्षा जास्त अ‍ॅडव्हान्सकडे. फोर-स्ट्रोक इंजिन हे काही काळ सोसतं. टू-स्ट्रोक स्कूटर मात्र घाटात, भर थ्रॉटलवर, पिस्टनला भोक पाडून हिशेब चुकता करते. म्हणून इथे कान बाजूला ठेवून मोजायचं आहे, आणि मोजायला लागणारी हत्यारं फारशी महाग नाहीत.

उदाहरण घेतलं आहे जुन्या बजाज स्कूटरचं: १४५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकावरच्या चुंबकी चाकाच्या) आत पॉइंट, बॅटरी नसली तरी चालणारी इग्निशन. बजाजने १९६० पासून पियाज्जोच्या परवान्याखाली वेस्पा बनवली, परवाना संपल्यावर १९७२ ला त्याच घराण्यातली चेतक आणली, आणि यातल्या कितीतरी गाड्या अजून चालू आहेत. लॅम्ब्रेटा, मोपेड, पॉइंटवालं पाणी ओढायचं इंजिन यांनाही हीच पद्धत लागू पडते, फक्त आकडे बदलतात. नंतरच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या चेतकसाठी आणि शेतावरच्या फोर-स्ट्रोक इंजिनांसाठी शेवटी थोडं वेगळं लिहिलं आहे. २०२० साली आलेल्या विजेवरच्या चेतकचे मालक इथूनच परत फिरू शकतात.

नेमकं काय तपासायचं आहे

पिस्टन सगळ्यात वर पोचतो ती जागा म्हणजे टीडीसी. करंट त्याच्या आधी पडावा लागतो, कारण मिश्रण पेटून दाब चढायला वेळ लागतो. ३००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो. म्हणजे टीडीसीच्या १८ अंश आधी ठिणगी पडली तर दाब तयार व्हायला जेमतेम एक हजारांश सेकंद मिळतो. त्यात दोन-चार अंशांची चूक काय करेल याचा अंदाज यावरून येतो.

पॉइंट बंद असताना कॉइलच्या प्रायमरीत प्रवाह वाहतो. पॉइंट उघडले की तो तुटतो, आणि त्याच क्षणी प्लगवर ठिणगी पडते. तेव्हा टायमिंग तपासणं म्हणजे 'पॉइंट उघडायला लागतात तेव्हा क्रँक टीडीसीच्या किती अंश आधी आहे' हे बघणं. टू-स्ट्रोक स्कूटरना हा आकडा साधारण १८ ते २६ अंशांच्या पट्ट्यात असतो. तुमच्या मॉडेलचा नक्की आकडा मालकाच्या पुस्तिकेतून किंवा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, शेजाऱ्याच्या गाडीवरून नको. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत चार-पाच अंशांचा फरक असू शकतो. खाली समजायला सोपं म्हणून २२ धरला आहे.

त्याआधी, दोष टायमिंगचाच आहे का?

टायमिंग पुढे गेलं असेल तर किक उलटी मारते, चढावर इंजिन टकटक ठोकतं, प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलीनवर बारीक चमकदार कण दिसतात. ते कण पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम असतं. ते दिसले की गाडी त्याच दिवशी उभी करा. टायमिंग मागे पडलं असेल तर पिकअप मेलेला, सायलेन्सर नको इतका तापलेला, थ्रॉटल सोडल्यावर मागे फटफट.

पण सायलेन्सर काजळीने चोंदला असेल तरी पिकअप मरतो. जेट अर्धवट बंद असेल तर मिश्रण पातळ होऊन इंजिन तसंच ठोकतं. पॉइंटला जोडलेला कंडेन्सर गेला असेल तर पॉइंटवर निळ्या ठिणग्या उडतात, पॉइंट काळे पडतात आणि गाडी गरम झाली की मिसिंग सुरू होतं. नवा प्लग, धड एच.टी. वायर (कॉइलपासून प्लगपर्यंतची जाड तार) आणि साफ कार्ब्युरेटर एवढं उरकून मगच मॅग्नेटकडे वळा. माझ्या अनुभवात 'टायमिंग गेलंय' म्हणून आलेल्या गाड्यांत टायमिंग खरोखर गेलेली थोडीच निघतात.

सामान

फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पोलादी पाती), नेहमीचे पाने आणि स्क्रूड्रायव्हर, मॅग्नेट काढायचा पुलर, साधा डिजिटल मल्टिमीटर, ३६० अंशांची गोल डिस्क आणि पिस्टन स्टॉपर. डिस्क घरीच होते: गोल कोनमापकाची प्रिंट काढून जुन्या सीडीवर चिकटवा. स्टॉपरही घरी होतो. जुन्या प्लगमधलं पोर्सेलीन फोडून काढा, बाजूचा इलेक्ट्रोड कापा, रिकाम्या चुडीत आटे पाडून ८ किंवा १० मिमीचा बोल्ट बसवा आणि त्याचं टोक घासून गोल करा. टोक धारदार राहिलं तर पिस्टनच्या डोक्यावर खड्डा पडेल. टायमिंग लाइट (दर ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) असेल तर उत्तम, पण तिच्यावाचून अडत नाही.

पायरी १: पॉइंटचा गॅप

हे काम आधी करायचं, टायमिंग नंतर. क्रम उलटला तर सगळी मेहनत वाया जाते, कारण गॅप बदलला की टायमिंग आपोआप बदलतं. गॅप मोठा म्हणजे पॉइंट लवकर उघडणार, टायमिंग पुढे. गॅप लहान म्हणजे उशिरा, टायमिंग मागे.

पंख्याचं कव्हर काढा, प्लग काढा म्हणजे मॅग्नेट हाताने सहज फिरेल. इग्निशन बंद ठेवा. मॅग्नेटला खिडक्या असतात, त्यातून पॉइंट दिसतात. मॅग्नेट फिरवत पॉइंट जास्तीत जास्त उघडतील तिथे थांबा. आता पॉइंटचे दोन्ही तोंडं बघा. एकावर टेकाड आणि दुसऱ्यावर खळगा दिसत असेल तर फिलर गेज टेकाडावर बसतं आणि खोटा आकडा देतं. अशा पॉइंटांना पॉलिश पेपर घासत बसू नका, नवे टाका. नुसते मळलेले असतील तर पेट्रोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी मधून ओढा आणि शेवटी कोरडी पट्टी फिरवा. तेलाचा पातळ थरही करंट मारतो.

या घराण्यात गॅप ०.३ ते ०.५ मिमी असतो, ०.४ ला लावा. फिलर गेजची पाती पोलादी, शेजारी दणकट चुंबक, त्यामुळे पाती बाजूला खेचली जाते आणि हाताला चुकीचा 'चिकटपणा' जाणवतो. पाती सरळ धरून दोन-तीनदा घालून काढा. स्क्रू घट्ट केल्यावर गॅप पुन्हा मोजा; घट्ट करताना तो हमखास सरकतो. कॅमला तेल देणाऱ्या फेल्टच्या तुकड्यावर एक थेंब तेल पुरे. दोन थेंब टाकले तर दुसरा पॉइंटवर जातो.

मॅग्नेट धरून वर-खाली हलवूनही बघा. खडखड जाणवली तर क्रँकचं बेअरिंग गेलं आहे. अशा इंजिनात गॅप प्रत्येक फेरीत वेगळा पडतो आणि पुढचं सगळं मोजमाप हवेत जातं. आधी बेअरिंग.

पायरी २: खरा टीडीसी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर किंवा सायकलची तार घालून 'वर आला' म्हणणं टायमिंगसाठी निरुपयोगी आहे. टीडीसीच्या आसपास क्रँक कित्येक अंश फिरला तरी पिस्टन हललेला हाताला कळत नाही. ५७ मिमी स्ट्रोक आणि १०५ मिमी कनेक्टिंग रॉड धरून हिशेब केला तर टीडीसीपासून १८ अंशांवर पिस्टन फक्त १.७६ मिमी खाली असतो, २० अंशांवर २.१७, २२ वर २.६२, २४ वर ३.११ आणि २६ वर ३.६३ मिमी. अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे दोन अंश. शिवाय प्लगचं भोक तिरकं असेल तर त्यातून घातलेली पट्टी पिस्टनची चाल सरळ मोजतच नाही.

स्टॉपरची पद्धत या सगळ्यातून सोडवते. डिस्क मॅग्नेटच्या मधोमध दुहेरी टेपने चिकटवा, केंद्र जुळलं पाहिजे. कव्हरच्या एका बोल्टखाली जाड तार दाबून तिचं टोक डिस्कच्या कडेवर आणा, हा काटा. पिस्टन अंदाजे वर आणून डिस्कचा शून्य काट्याखाली ठेवा. मग पिस्टन बराच खाली नेऊन स्टॉपर प्लगच्या जागी बसवा.

आता मॅग्नेट हाताने, सावकाश, एका दिशेने फिरवा. पिस्टन स्टॉपरला टेकेल, आकडा लिहा. उलट दिशेने फिरवून दुसऱ्या बाजूने टेकवा, तोही लिहा. समजा एकीकडे ३८ आणि दुसरीकडे ४४ आले. खरा टीडीसी या दोहोंच्या बरोबर मध्ये, म्हणजे शून्य ३ अंशांनी चुकला होता. काटा किंवा डिस्क ३ अंश सरकवून दोन्हीकडे ४१ येईपर्यंत जुळवा. दोन्ही आकडे सारखे आले की डिस्कवरचा शून्य हाच टीडीसी, स्टॉपर किती आत होता याने काही फरक पडत नाही. या कामात पाना, लिव्हर काही लावू नका. टेकला की थांबायचं. आणि स्टॉपर काढायला विसरू नका; किक मारल्यावर आठवण झाली तर उशीर झालेला असतो.

पायरी ३: खुणा

शून्य काट्याखाली आणून केसवर एक बारीक रेघ आणि तिच्यासमोर मॅग्नेटच्या कडेवर एक रेघ ओढा. ही टीडीसीची. मग मॅग्नेट उलटा फिरवून डिस्कवर टीडीसीच्या आधीचे २२ अंश आणा आणि केसवरच्या त्याच रेघेसमोर मॅग्नेटवर दुसरी रेघ ओढा. पांढरा व्हाइटनर किंवा नेलपॉलिश चालतं.

दुसरी रेघ चुकीच्या बाजूला काढणारे कमी नाहीत. या स्कूटरचा मॅग्नेट बाहेरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. इंजिन फिरतं त्या दिशेने हाताने फिरवा: केसवरच्या खुणेसमोरून आधी २२ ची रेघ गेली पाहिजे, मग टीडीसीची. उलटं झालं तर रेघ टीडीसीनंतरची आहे, पुसा.

डिस्क नसेल तर मॅग्नेटचा बाहेरचा व्यास मोजूनही दुसरी रेघ काढता येते. व्यास गुणिले ३.१४ भागिले ३६० म्हणजे एका अंशाला कडेवर किती मिलिमीटर. व्यास २०० मिमी असेल तर अंशाला १.७५ मिमी, २२ अंशांना सुमारे ३८.४ मिमी. कागदाची पट्टी कडेवर गुंडाळून मोजा, सरळ पट्टी वाकत नाही.

पायरी ४: पॉइंट कधी उघडतात

जुनी पद्धत अजूनही पहिल्या नंबरची. पतंगाच्या कागदाची बारीक पट्टी पॉइंटच्या तोंडात धरा, हलका ताण द्या आणि मॅग्नेट इंजिनच्या दिशेने सावकाश फिरवा. पट्टी सुटून हातात आली तो उघडण्याचा क्षण. केसवरच्या खुणेसमोर त्या वेळी २२ ची रेघ असेल तर टायमिंग बरोबर. कागदाचा एखादा कपटा आत राहिला नाही ना, ते बघा.

मल्टिमीटरने करायचं तर एक गोष्ट आधी समजून घ्या, नाहीतर 'मीटर बिघडला' असं वाटेल. बझरवर ठेवलात तर पॉइंट उघडले तरी बझर वाजतच राहतो. कारण पॉइंटला समांतर कॉइलची प्रायमरी जोडलेली असते आणि तिचा रेझिस्टन्स इतका कमी असतो की मीटरला ते शॉर्टच वाटतं. म्हणून मीटर सगळ्यात खालच्या ओहम रेंजवर ठेवा, एक तार बॉडीला, एक पॉइंटच्या तारेला, आणि आकड्याकडे लक्ष द्या. बंद असताना जो आकडा असेल तो उघडताक्षणी थोडासा पण ठळक उडी मारतो. मॅग्नेट फिरवताना कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होऊन आकडा वेडावाकडा नाचतो, तेव्हा एक-एक अंश सरकवून थांबा, आकडा स्थिर होऊ द्या, मग पुढे. पॉइंटची तार सोडवून वेगळी करता येत असेल तर बझर बिनचूक चालतो. बॅटरी आणि बल्ब लावून बघणारे आहेत. तार सोडवलेली नसेल तर ते करू नका, सगळा करंट कॉइलमधून जातो.

दोन्ही पद्धतींत एक नियम: क्षण हुकला तर मॅग्नेट जरासा मागे घेऊन थांबू नका. चाळीसेक अंश मागे जा आणि पुन्हा त्याच दिशेने या. तीनदा सारखं उत्तर आलं की मान्य.

पायरी ५: दुरुस्ती

फरक एक अंशाच्या आत असेल तर हात लावू नका. जास्त असेल तर पॉइंटच्या खालची प्लेट, म्हणजे स्टेटर, फिरवायची. गॅप कमीजास्त करून टायमिंग जुळवायचा मोह टाळा. मॅग्नेटोमध्ये ठिणगीचा जोर चुंबकाचे ध्रुव कॉइलसमोर नेमक्या जागी असताना पॉइंट उघडण्यावर अवलंबून असतो. स्टेटर फिरवला की पॉइंट आणि कॉइल दोन्ही एकत्र सरकतात, ते नातं टिकतं. नुसता गॅप बदललात तर टायमिंग जुळेल, पण ठिणगी दुबळी होईल, आणि मग पहाटेच्या थंडीत किक मारून पाय दुखेल.

मॅग्नेटचा नट काढा. काही मॉडेलांत नट सोडतानाच मॅग्नेट ओढला जातो, काहींत पुलर लावावा लागतो. हातोडी आणि छिन्नीने मॅग्नेट काढू नका. पंख्याची पाती तुटतात, क्रँक वाकतो. आतली अर्धचंद्री चावी बघून घ्या. ती जरा जरी कातरली असेल तर मॅग्नेट क्रँकवर सरकलेला असतो आणि सगळा घोळ तिथेच असतो. नवी चावी टाकून पायरी १ पासून सुरू करा.

स्टेटर आणि केस यांच्यावर मिळून एक सरळ ओरखडा मारा, म्हणजे मूळ जागा हरवणार नाही. मग तीन स्क्रू सैल करा. नियम सोपा आहे: इंजिन फिरतं त्याच्या उलट दिशेने स्टेटर फिरवला की टायमिंग पुढे जातं, त्याच दिशेने फिरवला की मागे येतं. इथे मॅग्नेट घड्याळाच्या दिशेने फिरतो, तेव्हा स्टेटर उलटा म्हणजे अ‍ॅडव्हान्स. स्टेटरचा व्यास १०० मिमी असेल तर एका अंशाला कडेवर ०.८७ मिमी. दोन अंशांसाठी ओरखडा पावणेदोन मिलिमीटर सरकला की झालं.

बसवताना क्रँकचा निमुळता भाग आणि मॅग्नेटचं भोक पूर्ण कोरडं पुसा, ग्रीस-तेल काही नको. मॅग्नेटला धरून ठेवतो तो हा निमुळता भाग. चावी फक्त जागा दाखवते. नट पुस्तिकेतल्या टॉर्कला आवळा. मग गॅप आणि टायमिंग दोन्ही पुन्हा तपासा. हो, दोन्ही.

टायमिंग लाइट असेल तर

वर केली ती थंड तपासणी. चालू इंजिनात पॉइंटची स्प्रिंग, बेअरिंगची ढील यांचा खेळ लाइटमध्ये दिसतो. जुन्या स्कूटरवर लाइटला पुरेल अशी १२ व्होल्टची बॅटरी नसते, तेव्हा कार किंवा बाईकची बॅटरी शेजारी ठेवून लाइट तिच्यावर चालवा. क्लॅम्प एच.टी. वायरवर, त्याच्यावरचा बाण प्लगच्या दिशेला.

लाइटच्या झगमगाटात फिरता मॅग्नेट जागच्या जागी उभा दिसतो. तो उभा नसतो, आणि कव्हर काढलेलं असल्याने पंख्याची पाती उघडी असतात. बाही, ओढणी, लहान मुलं, सगळं दूर. कव्हरशिवाय सिलिंडरला हवाही मिळत नाही, म्हणून मिनिटभरात काम उरका.

केसवरच्या खुणेसमोर २२ ची रेघ दिसली तर ठीक. रेघ खुणेच्या पुढे निघून गेलेली दिसली तर ठिणगी उशिरा, अजून पोचायची असेल तर लवकर. रेव्ह वाढवल्यावर या पॉइंटवाल्या स्कूटरची रेघ जागा सोडत नाही. सोडत असेल किंवा दोन-तीन अंशांत थरथरत असेल तर पॉइंटची स्प्रिंग मेली आहे किंवा बेअरिंग ढिलं आहे. स्टेटर फिरवून त्याचं काही होणार नाही.

सीडीआय आणि शेतावरची इंजिनं

इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये, म्हणजे सीडीआयमध्ये, उघडायला पॉइंटच नाहीत. स्टेटरवरची कंपनीची खूण केसवरच्या खुणेला लावायची आणि लाइटने तपासायचं, एवढंच हातात. टीडीसी मात्र स्टॉपरनेच काढा. सीडीआयचा झटका पॉइंटवाल्यापेक्षा जोरदार असतो. चालू इंजिनात प्लग कॅपला हात नको.

कोकणात गवत कापायचे ब्रश कटर, पॉवर वीडर, छोटे जनरेटर, होंडा जीएक्ससारखी पंपाची इंजिनं: यांत कॉइल मॅग्नेटच्या बाहेर बोल्टने बसवलेली असते आणि टायमिंग चावीवर ठरलेलं असतं. फिरवायला काही ठेवलेलंच नाही. पातं दगडावर आपटलं किंवा नट सैल राहिला की चावी कातरते, मॅग्नेट काही अंश सरकतो, मग दोर ओढताना झटका बसतो किंवा ठिणगी येऊनही इंजिन चालू होत नाही. मॅग्नेट काढून दोन्ही खाचा समोरासमोर आहेत का बघा. अर्धवट कातरलेली चावी लांबून शाबूत दिसते, काढून हातात घ्या. कॉइल आणि मॅग्नेटमधली फट जीएक्स १६० ला ०.२ ते ०.६ मिमी हवी. या फटीने ठिणगीचा जोर बदलतो, टायमिंग सावरत नाही.

नवे पॉइंट टाकले असतील तर

पॉइंटची फायबरची टाच पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये झपाट्याने घासते आणि बसते. टाच घासली की गॅप कमी होतो, टायमिंग मागे पडतं. म्हणून ३००-४०० किलोमीटरनंतर खिडकीतून गॅप एकदा मोजा. ०.४ च्या खाली आला असेल तर तेवढाच परत लावा. स्टेटर हलवायची गरज नाही, आधीचं टायमिंग गॅपबरोबर परत येतं. कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करने गॅप, अंश आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या वेळी कव्हर दुसऱ्या कुणी उघडलं तरी त्याला आकडा तिथेच सापडेल.